कानाला सवय लावा, वेग मागून येईल!



२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यावर आभाळ फाटले, तेव्हा आमच्या शिरूर कासारला सिंदफणेच्या काठची माणसे रात्र-रात्र जागी होती. वीज गेली आणि तिच्यामागोमाग आमच्या हातातला मोबाईलही मुका झाला. पलीकडच्या वस्तीवरचे सोयरे सुखरूप आहेत, एवढे कळायला आम्हाला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. त्या रात्री शेजारची कॉलेजात शिकणारी मुलगी आम्हाला म्हणाली, "काका, अशा टायमाला चालणारं काहीच नसतं का हो?"

असते! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हादरली, हजारो माणसे गेली, टेलिफोनच्या तारा तुटल्या. त्यावेळी हौशी रेडिओचालक, ज्यांना 'हॅम' म्हणतात, ते आपले यंत्र घेऊन तेथे गेले आणि संदेश पोचविण्याच्या कामाला लागले. २००१ च्या भूजच्या भूकंपातही हे लोक पुढे होते. एक बॅटरी, एक लहानसे यंत्र आणि झाडाला बांधलेली तार, एवढ्यावर त्यांचे काम चालते. त्यांच्याकडे सर्वात जुनी आणि सर्वात काटक भाषा आहे, ती म्हणजे मोर्सची, कड-कट्टची भाषा. बोलण्याला रेडिओलहरीत जेवढी जागा लागते, त्याच्या अगदी थोड्या भागात मोर्सचा सूर मावतो. म्हणून खरखरीत माणसाचा आवाज बुडून जातो, तेथेही हा बारीक सूर कानाला सापडतो.

ही सर्व माहिती ऐकून मुलीने मनावर घेतले. हॅमचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडून मिळतो. पूर्वी त्याच्या परीक्षेत दुसऱ्या श्रेणीला मिनिटाला ५ शब्द आणि पहिल्या श्रेणीला १२ शब्द मोर्स घेता येणे आवश्यक होते. पुढे नियम सुधारले, तेव्हा रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्सची अट राहिली नाही व जनरल श्रेणीला ८ शब्दांचा वेग ठेवण्यात आला. (अर्ज भरण्यापूर्वी त्या वेळचा चालू नियम प्रत्येकाने पाहून घ्यावा.) मुलगी म्हणाली, "काका, मी मोर्स शिकूनच जाईन."

आणि येथे आमची चूक झाली. ती कबूल करण्यासाठीच हा लेख आहे.

आम्ही कारकून माणूस. तरुणपणी बी.कॉम. करता करता लघुलेखनाच्या परीक्षेला बसलो होतो. ६० शब्दांना पास झालो, ८० शब्दांना नापास. तरीही 'शिकवायला काय लागते?' अशा थाटात आम्ही तिला एका पुठ्ठ्यावर टिंब आणि रेघांचा तक्ता काढून दिला आणि घोकायला लावला. 'ए' म्हणजे एक टिंब एक रेघ, 'बी' म्हणजे एक रेघ तीन टिंबे. आठ दिवसांत तिचा तक्ता तोंडपाठ झाला. मग आम्ही अगदी सावकाश, मिनिटाला तीन-चार शब्दांनी ऐकवू लागलो. पाच शब्दांपर्यंत ती आली आणि तेथेच थबकली. एक महिना गेला, दुसरा गेला, गाडी पाचाच्या पुढे सरकेना. आम्ही रागावलो, "लक्ष नाही तुझं!" तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "काका, मपल्या डोक्यातच बसत नाही हे. बंद करते."

घरी आल्यावर आम्हाला झोप लागली नाही. 'यांना जमणार नाही' हे वाक्य आपल्या घराण्यांनी पुष्कळ ऐकले आहे. तेच वाक्य आज आमच्या रागावण्यातून एका ऊसतोड कामगाराच्या मुलीच्या तोंडी आले होते! मग आम्ही शिकविणे बंद करून स्वतः शिकायला बसलो, तेव्हा उलगडा झाला. मुलीचे डोके ठीक होते, आमचा तक्ता चुकीचा होता.

कसा ते पाहा. तक्ता पाठ केलेला विद्यार्थी सूर ऐकतो, टिंबे-रेघा मोजतो, मनातला पुठ्ठा पाहतो आणि मग अक्षर लिहितो. मोर्समध्ये वेग मोजायला 'पॅरिस' हा इंग्रजी शब्द प्रमाण मानतात, त्यात टिंबाएवढ्या लांबीची ५० मापे भरतात. रेघ म्हणजे ३ मापे, दोन अक्षरांमधली जागा ३ आणि दोन शब्दांमधली ७ मापे. या हिशेबाने ५ शब्दांच्या वेगाला एक टिंब जवळजवळ पाव सेकंदाचे होते, तेथे मोजायला सवड असते. ८ शब्दांना ते ०.१५ सेकंदावर येते, २० शब्दांना ०.०६ सेकंदावर. मोजणारा तेथे पडणारच! आपण 'आई' हा शब्द ऐकताना त्यातली अक्षरे मोजतो काय? पूर्ण आवाज कानात शिरतो आणि अर्थ उभा राहतो. मोर्सचेही तसेच आहे.

म्हणून ज्या मुला-मुलींना शिकायचे असेल, त्यांच्यासाठी अनुभवाचे बोल देत आहोत.

एक. तक्ता फाडून टाका. अक्षर डोळ्याने न शिकता कानाने शिका. 'ए' म्हणजे 'डि-डा', 'एन' म्हणजे 'डा-डिट'. तोंडाने म्हणा, गाण्याच्या चालीसारखे.

दोन. अक्षर सुरुवातीपासून जलदच ऐका, १८ ते २० शब्दांच्या वेगाने. मात्र दोन अक्षरांमधली जागा भरपूर मोठी ठेवा. फार्न्सवर्थ यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते. पुढे अक्षराला हात न लावता फक्त मधली जागा कमी करीत जायचे. मोबाईलवर फुकट मिळणाऱ्या साधनांत या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लावता येतात.

तीन. सर्व अक्षरे एकदम घेऊ नका. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कोख यांनी १९३० च्या दशकात दाखविलेली रीत अशी की, आधी दोनच अक्षरे घ्यावीत, उदाहरणार्थ 'के' (डा-डि-डा) आणि 'एम' (डा-डा). शंभरातील नव्वद बरोबर येऊ लागली की तिसरे घ्यावे, मग चौथे. सावकाशीची ही रीतच शेवटी लवकर पोचविते.

चार. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा-पंधरा मिनिटे दोनदा बसा. दमलेला कान चुकीचे शिकतो.

पाच. सुटलेले अक्षर सोडून द्या. एसटी सुटली म्हणून तिच्यामागे धावत बसलो, तर मागून येणारीही चुकते. कागदावर तेथे एक रेघ मारा आणि पुढचे ऐका. आमच्या लघुलेखनाच्या परीक्षेत आम्ही एका शब्दापाशी अडलो आणि पुढची अख्खी ओळ गमावली, ते आठवते.

सहा. त्याच त्या ध्वनिफिती ऐकू नका. कान न शिकता स्मरणशक्तीच पास होते. पाच-पाच अक्षरांचे विस्कटलेले गट रोज नवे घ्या.

सात. आपल्या वेगापेक्षा एक-दोन शब्द जास्त वेगाने दोन-तीन मिनिटे ऐका, चुका होऊ द्या, मग आपल्या वेगाला परत या. तो वेग सोपा वाटू लागतो.

आठ. ऐकल्याबरोबर लिहिण्याची घाई नको. एक अक्षर मनात धरून मागचे लिहायला शिका. पुढे 'द', 'अँड' असे लहान इंग्रजी शब्द अख्खेच ओळखू येतात. कधी कधी कागद न घेता नुसते ऐका.

नऊ. रस्त्याने जाताना पाट्या मोर्समध्ये म्हणा. एसटीवर इंग्रजीत 'बीड' लिहिलेले दिसले की, डा-डि-डि-डिट, डिट, डिट, डा-डि-डिट! घरातली लहान मुलेही यात सामील होतात.

आता सर्वात महत्त्वाचे. मध्येच वेग थांबतो, काही दिवस मुळीच वाढत नाही. ही गोष्ट ब्रायन आणि हार्टर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १८९७ आणि १८९९ साली तारमास्तरांचा अभ्यास करून लिहून ठेवली आहे. संदेश पाठविण्याचा वेग बराचसा सरळ चढतो, पण ऐकून घेण्याचा वेग मध्ये सपाट माळावर आल्यासारखा थांबतो आणि सराव चालू ठेवला तर पुन्हा चढतो. माळ लागला म्हणजे वाट संपली असे नाही. मात्र पद्धतच चुकीची असेल तर ती आधी बदलावी लागते, हे आम्ही आमच्या चुकीतून शिकलो.

आई-वडिलांना एक विनंती आहे. मुलगी कानाला यंत्र लावून बसली की घरातून हाक येते, "आधी भांडी घास, मग काय ते कर." या मुलीचे आई-वडील दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यावर जातात. मागे दोन धाकटी भावंडे आणि घर तिच्याच अंगावर. तिला दिवसात पंधरा मिनिटे शांतता मिळत नव्हती. आता धाकटा भाऊ पाणी भरतो आणि ती पहाटे पाचला बसते. अभ्यासाला बुद्धी लागते तशी शांत जागाही लागते, आणि ती देणे घरच्यांच्या हातात असते.

आम्ही लहान असताना आमचे वडील ऊसतोडीला गेले होते. गावाकडून आजीच्या आजारपणाची तार गेली. इंग्रजीतले चार शब्द! टोळीत वाचणारा कोणी नाही. वडील तो कागद घेऊन वाचणाऱ्याच्या शोधात संध्याकाळपर्यंत फिरले. ते गावी पोचले तेव्हा आजीला माती देऊन झाली होती. १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशातली तारसेवाच बंद झाली. पण बातमी हातात असून ती न समजण्याचे दुःख आमच्या घराने पाहिले आहे. म्हणून या मुलीचा हा छंद आम्हाला पोरखेळ वाटत नाही.

आज ती मिनिटाला सात शब्द घेते. चुका होतात. आठाची पायरी अजून बाकी आहे. परवा तिने आमची परीक्षा घेतली, तेव्हा आम्ही सहालाच आपटलो आणि ती पोट धरून हसली. आता तीच आम्हाला शिकविते. पुन्हा पूर येईल, टॉवर बंद पडतील, तेव्हा या तालुक्यात एक तरी कान तयार असावा, एवढीच आमची इच्छा आहे.

असो. आपल्या घरात असा कोणी विद्यार्थी माळावर थांबला असेल, तर त्याला रागावण्याआधी आपला तक्ता एकदा तपासून पाहा.