तारणारा, पण कशापासून?

मंडळी, आजचा विषय जरा बोचणारा आहे, विशेषतः आमच्या नातेवाइकांना. रागावून फोन जरूर करा, पण शेवटपर्यंत वाचून करा!

प्राचीन ग्रीक भाषेत 'सोटेर' अशी एक पदवी होती. अर्थ सरळ आहे, वाचवणारा, तारणारा. ग्रीक लोक ती झ्यूस देवाला लावत, रोग बरे करणाऱ्या अस्क्लेपियसला लावत. मग राजांनाही ती हवीशी झाली. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला मिनँडर म्हणजे बौद्ध ग्रंथातला मिलिंद राजा. त्याच्या नाण्यांवर एकीकडे ग्रीकमध्ये 'बासिलेओस सोटेरोस', तर दुसरीकडे खरोष्ठी लिपीत 'महरजस त्रतरस'. महाराज आणि त्राता, दोन्ही पदव्या राजाने आपल्याच टाकसाळीत पाडून घेतल्या! पुढे ख्रिस्ती लोकांनी 'सोटेर' येशूला म्हटले. मराठी बायबलात तो 'तारणारा' झाला.

माझे म्हणणे एवढेच की हा शब्द एकटा अपुरा आहे. तारणारा म्हटले की लगेच विचारले पाहिजे, कशापासून? अस्क्लेपियसचा भक्त म्हणे, आजारापासून. ख्रिस्ती माणूस म्हणतो, पापापासून. उत्तर पटो न पटो, उत्तर आहे. आपल्याकडच्या फ्लेक्सवर मात्र 'भक्तांचे तारणहार श्री 1008 अमुक महाराज' एवढेच असते. उत्तराच्या जागी वर्गणीदारांचे फोटो!

हे मी वलगावात बसून लिहितो आहे. 20 डिसेंबर 1956 रोजी इथेच, पेढी नदीजवळ, गाडगे महाराजांनी देह ठेवला. त्यांनाही लोक महाराजच म्हणत. पण ते कोणाला पाया पडू देत नसत. आपला कोणी शिष्य नाही, असे सांगत. त्यांनी कशापासून तारले? घाणीपासून खराट्याने. दारूपासून आणि कर्ज काढून लग्न करण्यापासून कीर्तनाने. पंढरपूर, नाशिकला उघड्यावर निजण्यापासून धर्मशाळांनी. हिशेब चोख आहे.

"गुरुजी, लोकाइच्या श्रद्धेच्या मंधात काहून येता?" असे मला विचारतात. श्रद्धेला माझी ना नाही. पण पोरीची फी थकवून महाराजांच्या पादुका घरी आणणारे घर मी पाहिले आहे. तिथे नेमके कोण तरले?

राजाला टाकसाळ होती, आजच्या महाराजांची टाकसाळ म्हणजे आपला खिसा. तेव्हा पुढच्या वेळी कोणी वर्गणीचे पुस्तक घेऊन आले, की पावती फाडू देण्याआधी एवढेच विचारा, "कशापासून तारणार, बाप्पा?"