रसद आणि शिदोरी

प्रवासवर्णनाची समीक्षा करताना आपण निसर्गचित्रणाचा, व्यक्तिचित्रणाचा, निवेदकाच्या भूमिकेचा विचार करतो. प्रवासाला निघण्यापूर्वी केलेली सामानाची यादी मात्र वाङ्मयबाह्य समजून बाजूला ठेवली जाते. माझ्या मते ते योग्य नाही. यादी हीही एक संहिता आहे, आणि ज्या प्रदेशात जायचे त्याविषयी तिने आधीच बरेच काही गृहीत धरलेले असते. ऑस्ट्रेलियातील वाळवंटी वाटांसाठी गाड्या सज्ज करण्याची जी प्रथा आहे, तिच्याकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील ‘कॅनिंग स्टॉक रूट’ ही सुमारे १८५० किलोमीटरची कच्ची वाट घ्या. लँड क्रूझर किंवा पॅट्रोलसारखी गाडी घेऊन तेथे जाणारा प्रवासी इंजिनाच्या बॅटरीखेरीज दुसरी एक बॅटरी बसवतो. मुक्कामी फ्रिज आणि दिवे या दुसरीवर चालावेत आणि सकाळी गाडी सुरू करण्यासाठी पहिली शाबूत राहावी, म्हणून दोहोंमध्ये आयसोलेटर किंवा डीसी-डीसी चार्जर असतो. मग हिशेब सुरू होतो. फ्रिज सरासरी २ अँपिअर घेतो असे धरले, तर दिवसाला ४८ अँपिअर-तास झाले. शिसे-आम्लाची १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये असा संकेत आहे. म्हणजे गाडी एक दिवस उभी राहिली की भांडवल संपले. म्हणून हलकी आणि अधिक खोलवर वापरता येणारी लिथियमची बॅटरी, म्हणून सौर पॅनेल. त्यापुढे फ्रिजसाठी सरकता खण, टपावरचा तंबू, पाण्याच्या टाक्या, रुतलेली चाके काढण्याच्या फळ्या. वजन वाढले म्हणून स्प्रिंगा बळकट करायच्या. वजनाने डिझेल अधिक जळते म्हणून जादा डिझेल न्यायचे, आणि त्याचेही पुन्हा वजन.

या हिशेबाची थट्टा करण्याचे कारण नाही. गाडी बंद पडल्यावर मदत येण्यास काही दिवस लागू शकतात, अशा ठिकाणी काटेकोरपणा हा शहाणपणाच होय. आक्षेप आहे तो यादीच्या गृहीतावर. या यादीत केवळ वस्तूंची नामे असतात; माणसाचे नाम तिच्यात येत नाही. पुढे कोणी नाही, कोणाकडे काही मागायचे नाही, हे तिचे न लिहिलेले पहिले वाक्य असते. प्रवासवर्णनातील ‘निर्मनुष्य’ हे विशेषण वाळवंट पाहण्यापूर्वीच, गाडी भरताना ठरून जाते.

वस्तुतः या वाटेचा इतिहासच त्या विशेषणाला खोटे पाडतो. आल्फ्रेड कॅनिंगने १९०६-०७ साली गुरांच्या कळपांसाठी हा मार्ग मोजला, तेव्हा पाणी शोधण्यासाठी त्याने स्थानिक आदिवासींना पकडून साखळदंडाने बांधले. मोहिमेतील स्वयंपाक्याने, एडवर्ड ब्लेकने, या वागणुकीविरुद्ध तक्रार केली. १९०८ साली शाही आयोग नेमला गेला आणि त्याने कॅनिंगला निर्दोष ठरवले. आज नकाशावर क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या विहिरींपैकी अनेक विहिरी आदिवासींच्या जुन्या पाणवठ्यांवरच खोदलेल्या आहेत. ज्यांनी पाणी दाखवले त्यांची नावे गेली, क्रमांक राहिले.

त्याआधीचे उदाहरण अधिक बोलके आहे. रॉबर्ट बर्क आणि विल्यम विल्स यांची मोहीम २० ऑगस्ट १८६० रोजी मेलबर्नहून निघाली, तेव्हा तिच्यासोबत सुमारे २० टन सामान होते. त्यात ओकचे मेज, खुर्च्या आणि एक चिनी घंटाही होती. हिंदुस्थानातून आणलेल्या उंटांबरोबर आलेला साम्ला नावाचा हिंदू उंटवाला काही दिवसांतच मोहीम सोडून गेला, कारण तेथला मांसाहार त्याला चालणारा नव्हता. सगळ्यांचा विचार केलेल्या त्या यादीत त्याच्या जेवणाची सोय नव्हती. पुढे बर्क, विल्स आणि जॉन किंग हे तिघे उत्तरेहून २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी कूपर्स क्रीकच्या तळावर परतले. तळावरची माणसे त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. त्या परिसरात यांद्रुवांधा लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांनी मासे दिले, नार्डूची भाकरी दिली. बर्कने मात्र एका प्रसंगी त्यांना पिटाळण्यासाठी गोळी झाडली. बर्क आणि विल्स मरण पावले. किंग यांद्रुवांधांच्या आश्रयाला गेला आणि सप्टेंबरमध्ये शोधपथकाला जिवंत सापडला.

आपल्या भाषेत याकरिता दोन निरनिराळे शब्द आहेत. रसद ही फौजेची असते. मुलूख आपला नाही, कदाचित शत्रूचा आहे, असे मानून ती बरोबर न्यायची असते. शिदोरी कोणीतरी बांधून दिलेली असते आणि ती पुढच्या मुक्कामापुरती पुरते. तिच्यात पुढे कोणीतरी भेटेल हा विश्वास गृहीत असतो. दोन बॅटऱ्यांची गाडी ही रसदीची परिणत अवस्था आहे. रसद प्रवाशाचा जीव वाचवते हे मान्य करूनही म्हणावे लागते, की ज्याला कोणाचीच गरज पडत नाही त्याच्या वर्णनात दुसरा माणूस पात्र म्हणून क्वचितच उभा राहतो; राहिलाच तर दृश्याचा एक भाग म्हणून.

यावर असे म्हटले जाईल, की आता काळ बदलला आहे. या वाटेसाठी तेथील आदिवासी मालकांचा परवाना लागतो आणि प्रवासी तो रीतसर घेतात. ते खरे आहे. पण परवाना हाही यादीतला एक कागद होऊन बसू शकतो. तेव्हा अशी वर्णने वाचताना एक साधी कसोटी लावावी. ३३ क्रमांकाच्या विहिरीजवळ कुनावारित्जी नावाची आदिवासी वस्ती आहे. तेथे दुकान आहे, डिझेल मिळते. फ्रिजच्या तापमानाला दोन पाने देणारा लेखक या वस्तीला किती ओळी देतो, ते पाहावे. ‘येथे डिझेल भरले’ एवढेच वाक्य सापडले, तर तो लेखक यादीबाहेर गेलेलाच नाही असे खुशाल समजावे.