श्रेयांक सुटला, विद्यार्थी अडला

जून उजाडला की महाविद्यालयांच्या कार्यालयांसमोर नव्या प्रवेशाच्या रांगा लागतात आणि त्यांची दखलही घेतली जाते. त्याच खिडकीपाशी आणखी एक आखूड रांग असते, तिच्याकडे मात्र कुणाचे फारसे लक्ष नसते. वडिलांची बदली कोल्हापूरहून नागपूरला झालेली, वसतिगृहाचा खर्च झेपेनासा झालेला किंवा लग्न होऊन सासर दुसऱ्या जिल्ह्यात मिळालेले, अशा कारणांनी पदवीच्या मध्यावरच महाविद्यालय बदलणे भाग पडलेल्यांची ती रांग. हौसेने बदल मागणारे तीत थोडेच.

कागदावर या विद्यार्थ्याची वाट आता मोकळी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याला चलनवलनाचे स्वातंत्र्य देऊ केले आणि २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक पेढीचे विनियम जारी केले. मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हावेत आणि दुसऱ्या संस्थेत ते वापरता यावेत, ही कल्पना उत्तमच. परंतु खात्यात शिल्लक दिसत असली, तरी धनादेश वटत नाही. शिवाजी विद्यापीठ आणि नागपूर विद्यापीठ, दोघांवरही २०१६ च्या एकाच महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाचा अंमल. तरी एकाचा विद्यार्थी दुसऱ्याच्या दारी परमुलखातून आल्यासारखा उभा राहतो. इकडून स्थलांतर प्रमाणपत्र, तिकडून पात्रता प्रमाणपत्र, त्यानंतर विषयांची समकक्षता. ती ठरेपर्यंत सत्र अर्धे संपते आणि उपस्थितीचा प्रश्न नव्याने उभा राहतो!

या साऱ्यांत चमत्कारिक कागद म्हणजे जुन्या महाविद्यालयाचे ‘ना हरकत’ प्रमाणपत्र. विद्यार्थ्याने शुल्क भरले, ग्रंथालयाची पुस्तके परत केली, परीक्षा दिली. मग हरकत कशाची? काही विनाअनुदानित संस्थांत उरलेल्या वर्षांचे शुल्क भरल्यावाचून दाखला सुटत नाही. मूळ गुणपत्रिका व दाखले संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असे आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट बजावले. परंतु खिडकीशी उभ्या असलेल्या पालकाला त्याची वार्ता क्वचितच असते.

अनुदानित महाविद्यालयांची गोष्ट वेगळी आहे आणि तिचा विचार सहानुभूतीनेच केला पाहिजे. तेथे विद्यार्थिसंख्येवर तुकडी ठरते, तुकडीवर कार्यभार आणि कार्यभारावर प्राध्यापकाचे पद. ग्रामीण भागातील वर्गातून चारपाच विद्यार्थी शहराकडे गेले, तर एखादा विषयच बंद पडण्याची धास्ती प्राचार्यांना वाटते, आणि ती खोटी नव्हे. तथापि त्या पदाचे रक्षण करण्याचे काम शासनाचे आहे. वीस वर्षांच्या मुलीला दाखल्यासाठी आठ खेपा घालायला लावून ते साधत नाही. उलट अशी मुलगी बहुधा शिक्षणच सोडते, आणि पटावरील संख्या तरीही घटते.

येथे एक तुलना करण्याजोगी आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसाठी महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदा केला. बदल्या सर्वसाधारणपणे एप्रिल किंवा मे महिन्यात व्हाव्यात आणि एरवी करायच्या झाल्यास कारणे लेखी नोंदवावीत, असे तो सांगतो. हा कायदा पाळला कितपत जातो, हा भाग निराळा. पण ज्या कारकुनाची बदली या कायद्याने होते, त्याच्याच मुलाच्या महाविद्यालय-बदलाला असा आधार नाही. दाखला अमुक दिवसांत मिळालाच पाहिजे, नाकारल्यास कारण लेखी दिले पाहिजे आणि समकक्षतेचा निर्णय विद्यार्थ्याने जुने महाविद्यालय सोडण्यापूर्वीच त्याच्या हाती पडला पाहिजे, इतके तरी विद्यापीठांनी ठरवावे. त्यासाठी नव्या धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही; प्रवेशाच्या वार्षिक परिपत्रकात चार ओळींची भर पुरेल.