दाढेचं दुखणं आणि खाड्याचा हिशेब

मागच्या महिन्यात वस्तीतल्या गटाची बैठक होती. विषय बचतीचा. एक मावशी मात्र सगळा वेळ गालाला पदर लावून बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, ‘काही नाही गं, दाढ ठणकतेय. मिशरी लावली की राहील.’ मग एकेक जण बोलू लागली आणि बचत बाजूलाच राहिली. मिशरी, लवंग, मेडिकलमधली गोळी, आणि अगदीच सोसेना की दाढ उपटणं. प्रत्येकीचा क्रम हाच.

आपण कार्यकर्त्या मिशरीविरुद्ध वर्षानुवर्षं बोलतो. भाजलेल्या तंबाखूची ही पूड हिरड्यांची वाट लावते, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढवते, हे खरंच आहे. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली; मिशरी तर घरच्या तव्यावर भाजता येते. पण ‘सोड’ म्हटल्यावर ‘मग ठणका लागला की काय करू?’ असं ती विचारते, तेव्हा आपल्याकडे उत्तर असतं का? माझ्याकडे नव्हतं.

मावशींबरोबर सरकारी दवाखान्यात गेले. दातांचा विभाग फक्त सकाळी, म्हणजे नेमका धुण्याभांड्याच्या वेळेला. केसपेपरच्या रांगेतच दोन तास गेले. डॉक्टर म्हणाले, दाढ वाचेल, रूट कॅनाल करू, तीन-चार वेळा यावं लागेल. मावशींनी बोटांवर हिशेब केला. चार खाडे, आणि एक काम तर सुटणारच. म्हणाल्या, ‘काढूनच टाका.’ वाचू शकणारी दाढ काढली गेली. कागदावर लिहिलं, ‘रुग्णाच्या इच्छेनुसार’.

ही इच्छा कुणाची, असा प्रश्न तेव्हापासून पाठ सोडत नाही.

गावाकडे तर निवडीचाही प्रश्न नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांचा डॉक्टर सहसा नसतोच. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठायचं, तिथली खुर्ची चालू असली तर नशीब. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, पण तिथवर एसटीचं भाडं आणि सोबतीला माणूस लागतो. केंद्राचा मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. सरकारी आरोग्य विमा मुख्यतः दवाखान्यात भरती होणाऱ्यांसाठी, आणि दाढ दुखते म्हणून कुठली बाई भरती होते?

गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येतं. ‘व्हायचंच ते’ म्हणून सासूही सोडून देते, आणि बऱ्याचदा दवाखानाही. तपासणीत वजन होतं, रक्तदाब होतो, ‘आ’ कर म्हणून कुणी सांगत नाही. खरं तर तेवढ्याच एका काळात ती नियमितपणे डॉक्टरसमोर बसलेली असते!

मागण्या मोठ्या नाहीत. दातांचा विभाग आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी उघडा ठेवा. गरोदर बाईचं तोंड पहिल्याच भेटीत तपासा. तिशीपुढच्यांची तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी कार्यक्रमात आहेच. ती कागदावर न उरकता खरोखर करा, आणि आशाताईंना त्यासाठी वेळ आणि मोबदला द्या.

आपापल्या भागातल्या दवाखान्यात दातांचा डॉक्टर कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत असतो, खुर्ची चालू आहे का, एवढं विचारून आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ती यादी छापू, आणि तीच घेऊन आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ. मावशींनी यायचं कबूल केलंय. सोमवार सोडून.