चौकातली देवी

जव्हार-मोखाड्याकडच्या वारली घरात लग्न निघालं की भिंतीवर चौक लिहायचा ही जुनी रीत, आणि एकाच चौकोनाला किती कामं असतात ते तिथं कळतं. शेणा-गेरूनं सारवलेल्या भिंतीवर बांबूच्या चेचलेल्या काडीनं, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांनी सवासिनी तो लिहितात. मधोमध पालघट देवी, शेजारच्या छोट्या देवचौकात पंचशिऱ्या देव, आणि सोबत लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी. म्हणजे हा आकार देव्हाराही आहे, लग्नाची साक्षही आणि सुगीचं मागणंही. वर्तुळ सूर्य-चंद्रावरून, त्रिकोण डोंगर-झाडांवरून आला असं सांगतात. चौकोन मात्र माणसानं आखला, पवित्र जागा वेगळी काढायला. विकायच्या साडीवर, कपावर या चौकाची नुसती किनार उरते तेव्हा देवीच हद्दपार होते. कुणी म्हणेल, विक्रीमुळेच कलाकाराची चूल पेटते. खरं आहे, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची चित्रं कागदावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यातून कित्येकांना रोजगार लाभला. पण विकण्यासाठी अर्थ पुसावा लागत नाही. वारली चित्र विकत घेताना त्यातला चौक कशाचा, हे चित्रकाराला आवर्जून विचारा.