मेलेले डास मोजून काय कळते?

पावसाळा लागला की आमच्या पारशिवनीत दोन गोष्टी हमखास वाढतात. एक डास आणि दुसरी डास पळविण्याची साधने. पेंचच्या कालव्याचे पाणी धानाच्या बांध्यांत भरलेले असते, गावातल्या नाल्या तुंबलेल्या असतात. आणि दुकानात कॉइल, द्रवाच्या बाटल्या, निळ्या दिव्याचे सापळे, विजेची बॅट आणि 'आवाजाने डास पळविणारे' यंत्र असे सारे ओळीने मांडलेले असते. "सर, यातले चांगले कोणते?" असे विद्यार्थी मला विचारतात. पदार्थविज्ञान शिकविणाऱ्याला हा प्रश्न कशाला, असे तुम्हांला वाटेल. पण यांतल्या काही यंत्रांच्या वेष्टनावर पदार्थविज्ञानाचीच भाषा छापलेली असते. तेव्हा ती तपासून पाहण्याची जबाबदारी आमच्यावरही येते.

आवाजाच्या यंत्रापासूनच सुरुवात करू. यातून माणसाला ऐकू न येणारा, म्हणजे सेकंदाला २०,००० पेक्षा जास्त कंपनांचा, श्राव्यातीत ध्वनी निघतो. त्याने डास का पळावेत याची दोन कारणे सांगितली जातात. एक म्हणजे हा आवाज नर डासाच्या पंखांसारखा असतो आणि मीलन झालेली मादी नराला टाळते. दुसरे म्हणजे हा आवाज चतुराच्या पंखांसारखा असतो, आणि चतुर तर डासांना खातो. आता तुम्हीच आकडे लावून पाहा. डासाच्या पंखांची कंप्रता काही शे हर्ट्झ असते. म्हणून तर ती गुणगुण रात्री आपल्या कानाशी ऐकू येते! चतुराचे पंख सेकंदाला सुमारे ३० वेळा हलतात. मग २०,००० च्या वरचा आवाज या दोघांपैकी कोणाची नक्कल झाली?

अर्थात सांगितलेले कारण चुकीचे निघाले, एवढ्यावरून परिणामही होत नाही असे म्हणता येत नाही. तो प्रत्यक्ष पाहावा लागतो. तसा तो पाहिला गेला आहे. २००७ साली अशा यंत्रांच्या १० क्षेत्रीय चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. यंत्र चालू असताना माणसाच्या उघड्या अंगावर येऊन बसलेले डास आणि यंत्र बंद असताना बसलेले डास, अशी ती तुलना होती. फरक काहीच आढळला नाही. त्याआधी २००१ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने श्राव्यातीत ध्वनीने कीटक पळविण्याचा दावा करणाऱ्या ६० हून अधिक उत्पादक व विक्रेत्यांना ताकीद दिली होती. तरी यंत्र विकले जातेच आहे. आता तर मोबाइल फोनमधून डास पळविण्याची सोयही फुकट मिते, असे मुले मला कौतुकाने दाखवितात. फुकट म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. फोन उशाशी ठेवून मच्छरदाणी न लावता झोपणारा मुलगा डासांना आयताच सापडतो.

माझे स्पष्ट मत असे आहे. डास मारण्याचे रसायन विकायचे असेल तर आपल्या देशात १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी करावी लागते. आवाज हे काही रसायन नव्हे, त्यामुळे ध्वनियंत्र या कायद्यातून सुटते. ही पळवाट बंद झाली पाहिजे. 'डास पळवितो' असे ज्या वस्तूवर छापायचे, तिने ते आधी सिद्ध करावे.

निळ्या दिव्याच्या सापळ्याची गोष्ट जास्त गमतीची आहे, कारण तो खरोखरच कीटक मारतो. सकाळी ट्रे भरलेला दिसतो आणि घरच्यांना समाधान वाटते. परंतु ट्रेमध्ये आहेत कोण? अमेरिकेतील डेलावेअर येथे सहा ठिकाणी लावलेल्या अशा सापळ्यांतले कीटक दोन संशोधकांनी एकेक करून मोजले. त्यांचा अहवाल १९९६ साली प्रसिद्ध झाला. एकूण १३,७८९ कीटकांपैकी माणसाला चावणारे, डास धरून, केवळ ३१ होते. बाकीचे बिचारे पतंग, भुंगेरे आणि पाण्याकाठचे निरुपद्रवी किडे. याचे कारण सरळ आहे. चावते ती मादी, आणि ती दिवा शोधत नसते. आपल्या श्वासातला कार्बन डाय-ऑक्साइड, घामाचा वास आणि अंगाची ऊब यांच्या मागाने ती येते. तुम्ही आणि दिवा एकाच खोलीत असाल, तर तिच्या दृष्टीने तुम्ही अधिक चांगला सापळा आहात!

घरी असा सापळा असेल तर वडीलधाऱ्यांकडून तो बंद करवून, तार खाचेतून काढवून घ्या. आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ विद्युतभार राहतो, म्हणून जाळीला बोट लावू नका. ट्रे पांढऱ्या कागदावर उपडा करा आणि भिंगातून पाहा. डासाला लांब सोंड असते. नराच्या स्पर्शिका पिसासारख्या झुबकेदार, मादीच्या विरळ केसांच्या. शंभर कीटकांत माद्या किती सापडल्या, ते लिहून ठेवा.

कॉइल आणि द्रवाची बाटली यांचे तसे नाही. त्यांत पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक असते आणि त्याने चावे कमी होतात, हे मान्य केले पाहिजे. मात्र उघड्या ओसरीत वाऱ्याबरोबर ते विरून जाते, आणि बंद खोलीत कॉइल लावली तर धूर आपणच ओढतो. चीन व मलेशियातील कॉइलींवरचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. एक कॉइल जळताना निघणारे अतिसूक्ष्म कण वजनाने ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले. दोन्ही धुरांचे विष सारखेच, असा याचा अर्थ नाही. पण दमेकऱ्याच्या खोलीत कॉइल लावू नये, एवढे त्यावरून नक्की समजते. गोवरी आणि कडुनिंबाच्या धुराचेही फुप्फुसाशी काही वेगळे नाते नाही. रात्रीपुरता विचार केला, तर फाटकी नसलेली आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी मला सर्वांत पटते. तिला वीज लागत नाही आणि तिचे तत्त्व तिसरीतल्या मुलालाही कळते.

परंतु खरी गोम पुढेच आहे. आपण हे सगळे रात्री करतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरविणारा एडिस डास चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी. त्या वेळी तुम्ही शाळेत असता, नाहीतर मैदानावर. २००६ साली आणि पुन्हा २०२४ साली नागपूर भागात चिकुनगुन्याने घरोघरी लोकांचे सांधे धरले, तेव्हा त्यांतल्या कित्येक घरांत रात्री कॉइल जळतच असणार.

हा डास वाढतो कुठे? नालीत नव्हे, स्वच्छ साठलेल्या पाण्यात. आमच्या विदर्भात त्याचे लाडके घर म्हणजे कूलर. उन्हाळा संपतो, पहिला पाऊस पडतो, कूलर बंद होतो आणि तळाचे चार बोटे पाणी तसेच राहते. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. म्हणून टाकी नुसती ओतून भागत नाही, काथ्याने घासावी लागते. अंड्यातून उडता डास व्हायला आपल्या हवेत साधारण ७ ते १० दिवस पुरतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात तो याच हिशेबाने.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. विज्ञानाच्या तासाला वर्गातील मुलांनी दर आठवड्याला आपापल्या घरचे कूलर, रांजण, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली पाहावी, आणि शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या तो आकडा फळ्यावर लिहावा. आरोग्य खातेही असाच निर्देशांक काढते. पाणी ओतण्यापूर्वी दोनचार अळ्या काचेच्या पेल्यात आणा आणि वरून झाकण लावा. त्या शेपटाकडची नळी पृष्ठभागाला टेकवून उलट्या लोंबकळतात, हवा घेतात. पाण्याच्या पृष्ठताणाचा त्यांना आधार असतो. मग पाण्यावर गोड्या तेलाचे काही थेंब सोडा, पातळ थर पसरू द्या, आणि घड्याळ लावून पाहत बसा.