जुहूचे बळी

पावसाळा लागला आणि अंधेरी, बोरिवली, घाटकोपरची तरुण मंडळी जुहू व अक्सा गाठू लागली की १२ जून २०२३ ची आठवण व्हावी. बिपरजॉय वादळ त्या दिवशी दूर अरबी समुद्रात होते. जमिनीवर ते आले तीन दिवसांनी, कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ. तरीही खवळलेल्या समुद्राने जुहू कोळीवाड्याच्या धक्क्यापाशी चार मुले नेली. २०१८ च्या जुलैतही जुहूलाच चार तरुण बुडाले होते.

‘पोरे ऐकत नाहीत’ हा यावर आपला ठरलेला निकाल. तो आम्हांला मान्य नाही. ‘पाण्यात जाऊ नका’ यापलीकडे त्यांना सांगितले तरी काय जाते? प्रस्तुत संपादकाने पूर्वी वर्गात भरती-ओहोटी शिकविली, फळ्यावर चंद्र-सूर्य काढले. परंतु फुटलेल्या लाटेचे पाणी कोणत्या वाटेने परत जाते, हे एकाही विद्यार्थ्याला सांगितल्याचे स्मरत नाही.

लाटांमागून लाटा आल्या की किनाऱ्याशी साचलेले पाणी वाळूतील एखाद्या सखल, चिंचोळ्या वाटेने वेगाने आत परतते. तेथे लाटा कमी फुटतात, फेस दिसत नाही; म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. त्या ओढीत सापडलेला मनुष्य किनाऱ्याकडे तोंड करून झुंजतो, दमतो आणि बुडतो. वस्तुतः ही ओढ त्याला तळाशी खेचीत नाही, दूर नेते. तिच्याशी न झगडता तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जाऊन तिच्याबाहेर पडावे. काठावरच्या मित्राने मायेपोटी उडी घेऊ नये. दोर फेकावा, तरंगेल असे काहीही फेकावे आणि जीवरक्षकाला हाक द्यावी.

महापालिकेने चौपाट्यांवर जीवरक्षक नेमले, हे योग्यच झाले. पण मुले धक्क्यांवरून आणि खडकांवरूनही उतरतात. पहारा तेथेही हवा. साडेचार मीटरांहून उंच भरतीच्या दिवसांची यादी दर पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध होते, आतल्या पानावर छापली जाते आणि रद्दीत जाते. (यात आमचाही दोष आहेच.) त्याऐवजी भरतीची वेळ अंधेरी व विलेपार्ले स्थानकांबाहेर, जुहूच्या बसथांब्यांवर रोज लिहिली जावी. ती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. गेल्या रविवारी पाच वाजता जी वाळू कोरडी होती, तिच्यावर या रविवारी त्याच वेळी छातीएवढे पाणी असू शकते.